जुन्या वास्तूतील मुक्काम : व्यापारी व कारागीर बांधवांसाठी एक अभ्यास

होटगी जंक्शनचे नाव सोलापूर भागातील प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. १८८४ साली गदगहून विजापूरमार्गे आलेली मीटरगेज लाईन येथे मुंबई-मद्रास ब्रॉडगेज लाईनला मिळाली. दोन्ही रुळांची रुंदी वेगळी. त्यामुळे एका गाडीचा डबा दुसऱ्या रुळावर जाऊ शकत नसे. माल एका वाघिणीतून उतरवून हमालांच्या पाठीवरून दुसऱ्या वाघिणीत चढवावा लागे, आणि माणसांनाही खाली उतरून पुढच्या गाडीची वाट पाहावी लागे. पुढे मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज आली. आता विजापूरचा प्रवासी सोलापूरला जाताना होटगीत खाली पाय न ठेवता निघून जातो.

हॉटेलच्या लेखात रेल्वे कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु मुसाफिराच्या मुक्कामाचा सारा धंदा या एका गोष्टीवर उभा असतो. प्रवास जेथे तुटतो तेथे सराई चालते. गेज बदलते, बंदर असते, घोडे बदलण्याचा टप्पा असतो, तेथे माणूस मुक्काम करतो. ते तुटणे संपले की मुक्काम संपतो. मग ती इमारत कशावर जगणार? शहराच्या जुन्या भागातील ऐतिहासिक इमारतीत थोड्या खोल्यांची, निगुतीने मांडलेली हॉटेले निघाली आहेत. त्यांना बुटीक हॉटेल म्हणतात. तेथे माणूस केवळ पाठ टेकायला जात नाही, त्या वास्तूत राहण्यासाठी जास्तीचे पैसे मोजतो. हा व्यवहार आपल्या व्यापाऱ्यांनी गिऱ्हाईक म्हणून आणि आपल्या विणकरांनी माल पुरवणारे म्हणून समजून घेतला पाहिजे, असे आम्हांस वाटते.

मुंबईचे उदाहरण घेऊ, कारण तेथे या धंद्याचे सर्व नमुने एक-दोन मैलांच्या आत सापडतात. काळाघोड्याजवळची वॉटसन हॉटेलची इमारत पाहा. जॉन वॉटसन हा इंग्रज कापडवाला. त्याला दुकानासाठी इमारत हवी होती. रोलंड मेसन ऑर्डिश या इंजिनियराने ओतीव लोखंडाचा सांगाडा आखला, त्याचे भाग विलायतेत घडवून जहाजाने मुंबईला आणले आणि १८६७ ते १८६९ या काळात ते येथे जोडून उभे केले. खाली दुकाने व भोजनगृह, वर सुमारे १३० खोल्या. बोटीने उतरणारा गोरा साहेब येथे उतरे. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलतचित्रांचा हिंदुस्थानातील पहिला खेळ याच हॉटेलात झाला.

दुसरे उदाहरण ताजमहाल हॉटेलचे. ते १६ डिसेंबर १९०३ रोजी उघडले. म्हणजे समोरच्या गेटवे ऑफ इंडियापेक्षा ते वयाने मोठे, कारण गेटवे १९२४ साली पुरा झाला. ताजचा आराखडा रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांनी केला. त्यांच्या पश्चात डब्ल्यू. ए. चेंबर्स यांनी काम तडीस नेले. मालक जमशेटजी टाटा, तेही मूळचे कापडाच्या धंद्यातले. त्यांची नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ सालची, आणि आपल्या सोलापूरची जुनी मिलही १८७७ सालचीच. वॉटसन हॉटेलात प्रवेश नाकारला म्हणून टाटांनी ताज बांधले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. तिला भक्कम पुरावा नाही, आणि व्यापाऱ्याने असल्या गोष्टींवर फार विसंबू नये. मुंबईला चांगल्या हॉटेलची गरज आहे हे एका जाणत्या धंदेवाल्याने ओळखले, एवढे कारण पुरेसे आहे.

आता या दोन कापडवाल्यांच्या इमारतींचे पुढे काय झाले ते पाहावे. ताज चालू राहिले. वॉटसनचे गिऱ्हाईक ताजकडे वळले, हॉटेल बंद पडले, इमारत विकली गेली, खोल्यांचे तुकडे पाडून वकिलांना व लहान कचेऱ्यांना भाड्याने देण्यात आले. भाडे गोठलेले, भाडेकरू अनेक, आणि डागडुजीचा खर्च कोणी करायचा यावर एकमत नाही. लोखंडाला मुंबईची खारी हवा लागत राहिली. २००५ साली सज्जाचा भाग कोसळला. २००६ साली जगातील धोक्यात आलेल्या वास्तूंच्या यादीत तिचे नाव गेले आणि २०१९ मध्ये ती धोकादायक म्हणून रिकामी करण्यात आली. वास्तू ऐतिहासिक असली म्हणजे ती आपोआप कमावते असे नाही. रोजच्या गल्ल्यातून डागडुजीचा हिस्सा बाजूला काढला नाही, तर इतिहास छतातून गळू लागतो.

आपल्या माणसांचे मुक्काम मात्र या दोन्ही ठिकाणी कधी नव्हते. ते क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास होते. पोलीस आयुक्तांच्या कचेरीसमोरचे सरदारगृह हे मराठी प्रवाशांचे उतरण्याचे ठिकाण. लोकमान्य टिळक मुंबईस आले की तेथेच उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांचे निधनही तेथेच झाले. तेथून जवळच हाजी साबू सिद्दीक मुसाफिरखाना. जहाजाने जेद्द्याला जाणारे हाजी बोटीची वाट पाहत तेथे राहत. हाही तुटलेल्या प्रवासाचाच मुक्काम. १९९५ पासून हजची जहाजे बंद झाली, सर्व प्रवास विमानाने होऊ लागला. आज मुंबईत कोणाला ‘मुसाफिरखाना’ म्हटले तर तो विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार दाखवतो. मुसाफिर गेले, नाव बाजाराला चिकटले. होटगीच्या फलाटासारखीच ही गोष्ट.

आता गिऱ्हाईक म्हणून आपला हिशोब. खरेदीसाठी मुंबईला जाणारा आपला व्यापारी बहुधा रात्रीच्या गाडीने निघून पहाटे-सकाळी उतरतो. जुन्या हॉटेलात उतरण्याआधी पहिली चौकशी खोली मिळण्याच्या वेळेची करावी. बहुतेक नव्या हॉटेलांत दुपारी बारा किंवा दोनला खोली मिळते. सकाळी सातला पोचलेल्या माणसाला एक तर ताटकळावे लागते किंवा आदल्या रात्रीचेही भाडे भरावे लागते. जुन्या बाजारपेठेतील काही लॉजमध्ये चोवीस तासांची पद्धत आहे. ज्या वेळी आत आलात त्या वेळेपर्यंत दुसऱ्या दिवशी खोली तुमची. पाचशे रुपये स्वस्त खोलीपेक्षा ही पद्धत पुष्कळदा फायद्याची पडते. शिवाय लिफ्ट आहे का, हे विचारावे. शंभर वर्षांच्या इमारतीत ती नसते किंवा असली तरी इतकी लहान, की नमुन्यांचे गाठोडे घेऊन दोन माणसे मावत नाहीत. भिंती जाड, छत उंच, त्यामुळे उन्हाळ्यात खोली थंड राहते हे खरे. पण मोठ्या दालनात मागाहून लाकडी पडद्या घालून दोन खोल्या केल्या असतील तर शेजारच्याचे घोरणे तुमच्याच उशीला येते. खोली प्रत्यक्ष पाहूनच पैसे भरावेत. भोजन कसले मिळते, खाली दारूचा बार आहे का, हेही आधीच विचारले म्हणजे नंतर संकोच होत नाही.

बिलाकडे आपले लोक फार दुर्लक्ष करतात. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजी साडेसात हजार रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यापेक्षा महाग खोलीवर १८ टक्के. तीन हजारांची खोली असेल तर कर दीडशे रुपये. धंद्याच्या कामासाठी गेला असाल आणि तुमची नोंदणी नेहमीच्या पद्धतीची असेल, तर बिलावर स्वतःच्या पेढीचे नाव व जीएसटी क्रमांक घालून घ्या. मुंबईच्या हॉटेलने लावलेल्या कराची वजावट सोलापूरच्या व्यापाऱ्याला मिळू शकते. हैदराबादला गेलात तर तशी मिळत नाही, कारण तेथील बिलात तेलंगणाचा राज्य कर असतो आणि तुमची नोंदणी महाराष्ट्राची. कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला दोन्हीकडे वजावट नाही. आपल्या भागातून हैदराबादला जाणारे पुष्कळ आहेत, म्हणून हा भेद मुद्दाम सांगितला.

परंतु या अभ्यासातील आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग पुढे आहे. तो मागावर बसणाऱ्या आणि चादर-टॉवेल विकणाऱ्या बांधवांसाठी.

सोलापुरी चादर व सोलापुरी टेरी टॉवेल या दोहोंना भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळालेली आहे. तरीही आपल्याच शहरातील हॉटेलच्या न्हाणीघरात दुसऱ्या राज्यातला टॉवेल टांगलेला दिसतो. मोठे हॉटेल मोठ्या गिरणीकडून हजारांच्या संख्येने माल घेते. तेथे एक-दोन मागांच्या घराचा निभाव लागत नाही. वीस खोल्यांच्या बुटीक हॉटेलची गोष्ट वेगळी आहे. त्याचा हिशोब असा. प्रत्येक खोलीत दोन माणसे, आणि प्रत्येक माणसामागे अंगाचे तीन टॉवेल: एक खोलीत, एक धुलाईत, एक कपाटात. म्हणजे एकूण १२० टॉवेल. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा टॉवेल चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा धरला, तर एक नग साधारण ५६० ग्रॅमचा होतो आणि सर्व १२० नगांना ६७-६८ किलो माल लागतो. एवढ्या लहान मागणीत मोठ्या गिरणीला रस नसतो. लहान माग तिला पुरा पडतो, आणि टॉवेल झिजतात म्हणून मागणी पुन्हा येते.

मात्र घरगुती बाजाराचा माल तेथे चालत नाही. हॉटेलला टॉवेल पांढरा लागतो, यात हौस नाही. पांढरा टॉवेल एकत्र उकळता येतो, ब्लीच करता येतो, आणि एकाचा रंग दुसऱ्याला लागत नाही. आपला लाल-हिरव्या पट्ट्यांचा टॉवेल तिसऱ्या धुलाईत शेजारच्याला गुलाबी करून सोडतो, आणि पुढची ऑर्डर तेथेच संपते. पट्टा घालायचाच असेल तर व्हॅट रंगाच्या सुताचा घालावा, तो ब्लीचला टिकतो. काठ दुहेरी शिवावा. नमुना देण्याआधी स्वतः दहा वेळा गरम पाण्यात धुऊन मोजावा. किती आटला हे मालकाला आपणहून सांगणारा विणकर त्याच्या लक्षात राहतो.

रंगाची जागा दुसरीकडे आहे. पलंगाच्या पायथ्याशी जी आडवी पट्टी किंवा चादर टाकतात ती रोज धुतली जात नाही. तेथे जॅकार्डची नक्षी शोभते. जुन्या वास्तूतील हॉटेलला त्या गावाची ओळख सांगणारी वस्तू हवीच असते, कारण त्याच ओळखीचे तो पाहुण्याकडून पैसे घेतो. वास्तूच्या जाळीची, कमानीची नक्षी विणून दाखवली तर मालक ऐकून घेतो.

दर सांगताना कराचे एक गणित ध्यानात ठेवावे. साडेसात हजारांच्या आतील खोल्यांवर ५ टक्के कर लावणाऱ्या हॉटेलला त्या खोल्यांसाठी घेतलेल्या मालावरील कराची वजावट मिळत नाही. दोनशे रुपयांचा टॉवेल ५ टक्के करासह २१० ला पडतो, आणि ते वरचे दहा रुपये त्याच्या अंगावरच बसतात. त्यामुळे लहान हॉटेलवाला करासहितच भाव बोलतो. तुम्हीही तसाच सांगावा, म्हणजे शेवटी घासाघीस होत नाही. उधारीबाबत, सूक्ष्म व लघु उत्पादकाची उद्यम नोंदणी असेल तर २००६ च्या कायद्याप्रमाणे लेखी करार असतानाही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत ठेवता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. आपले कित्येक विणकर ही नोंदणी करीत नाहीत आणि सहा महिने फेऱ्या मारतात.

मग होटगी-सोलापूरकडे असे हॉटेल निघू शकेल का? इमारतींची वाण नाही. वारद घराण्याचे इंद्रभुवन हे एका व्यापाऱ्याने उभारलेले वैभव, आज त्यात महानगरपालिका आहे. जुन्या पेठांत वाडे आहेत. केंद्र सरकारच्या वर्गवारीत १९५० पूर्वीच्या निवासी वास्तूत किमान पाच खोल्या असल्या तरी हेरिटेज हॉटेल म्हणून विचार होतो. दर्शनी भागाचे मूळ रूप मात्र राखावे लागते. पाच खोल्या म्हणजे एका मध्यम वाड्याचे काम. पण वास्तू कोणतीही चालेल असे नाही. विजापूरच्या एका मशिदीत इंग्रजांनी टपाल कचेरी थाटली होती आणि लॉर्ड कर्झनने ती काढायला लावली. आज संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही, पुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. विजापूर परिसरात जागा पाहणाऱ्याने हे आधी मोजून घ्यावे.

होटगी रस्त्यावरील विमानतळावरून जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. गोव्याच्या पणजीत फोंताइन्हास वाड्यातील पोर्तुगीजकालीन घरांनी हाच धंदा यशस्वी करून दाखवला आहे. कोणा बांधवाला वाडा घेऊन या धंद्यात उतरायचे असेल, तर त्याने आधी तेथे दोन रात्री पैसे भरून राहावे. छत किती वर्षांनी शाकारतात, धुलाई घरात होते की बाहेर, पावसाळ्यात किती खोल्या रिकाम्या राहतात, हे तेथील नोकरांना विचारावे. मालकापेक्षा ते खरे सांगतात. आणि जाताना पिशवीत दोन धुतलेले टॉवेल व एक जॅकार्डची पट्टी ठेवावी.