घरात बसूनही ऊन लागते!

‘डॉक्टरसाहेब, बाबा उंबरठ्याबाहेरसुद्धा गेले नव्हते हो! मग ऊन लागेलच कसे?’

मागच्या मे महिन्यात एका मुलाने मला विचारलेला हा प्रश्न. वडील ७४ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. संध्याकाळी सहाच्या सुमारास ते असंबद्ध बोलू लागले, सुनेला ओळखेनात. मी घरी पोहोचलो तेव्हा ताप १०५ अंश. अंगभर पाणी शिंपडले, पंखा लावला, मानेला आणि काखेत बर्फ ठेवला आणि तसेच रुग्णालयात हलवले. दैव बलवत्तर म्हणून गुरुजी वाचले.

आठवड्याने त्यांच्या घरी गेलो, तेव्हा मुलाच्या प्रश्नाचे उत्तर समोरच दिसले. गुरुजींची खोली पश्चिमेची. दिवाळीआधी घराची डागडुजी करताना जुन्या सागवानी झडपांच्या दोन खिडक्या काढून तिथे अॅल्युमिनियमच्या स्लायडिंग काचा बसवल्या होत्या. घर उजळले, देखणे झाले. पण दुपारी तीनपासून मावळतीपर्यंतचे ऊन थेट गुरुजींच्या पलंगावर येऊ लागले. शिवाय रक्तदाबासाठी त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू होती. ती मीच लिहून दिलेली. उन्हाळ्याआधी त्यांना बोलावून तपासायला हवे होते आणि ‘आपण झोपता त्या खोलीत ऊन येते का?’ असे विचारायलाही हवे होते. मी विचारले नाही. म्हणून आज औषधांऐवजी खिडक्यांविषयी लिहितो आहे.

वयस्करांना धोका का?

उन्हाळ्यात आपले शरीर गार राहते ते मुख्यतः घाम वाळल्यामुळे. उतारवयात घाम कमी येतो आणि तहानही लवकर कळत नाही. खोलीतील हवा ४० अंशांच्या वर गेली, की नुसता पंखा गरम हवाच अंगावर फेकतो. रात्रीही खोली तापलेलीच राहिली तर शरीराला विसावा मिळत नाही. २००३ च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये उष्णतेच्या लाटेत सुमारे १५ हजार माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध होते आणि कित्येकांचा मृत्यू राहत्या घरातच झाला.

काच काय करते?

साधी पारदर्शक काच तिच्यावर पडणाऱ्या उन्हातील ८० टक्क्यांहून अधिक उष्णता आत सोडते. त्या उन्हाने फरशी, पलंग, भिंती तापतात. मात्र या तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता काचेतून तशी सहज बाहेर जात नाही. उन्हात उभी केलेली मोटार आतून भट्टीसारखी होते, ती याच कारणाने. आतला पडदा डोळ्यांवरची तिरीप थांबवतो, पण तोवर ऊन काचेच्या आत आलेले असते. तेव्हा वाचकहो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : ऊन अडवायचे ते काचेच्या बाहेर.

दिशा पाहून खर्च करा

आपल्या वऱ्हाडात मेच्या शेवटच्या आठवड्यात भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला त्या दिवसांत साधा छज्जाही पुरतो. खरा त्रास पूर्व-पश्चिमेचा, त्यातही पश्चिमेचा. मावळतीचे ऊन तिरपे येते, ते छज्जाखालून आत शिरते. तिथे बाहेरून लाकडी झडपा, बांबूची चिक किंवा वाळ्याची ताटीच हवी. सगळ्या घराच्या खिडक्या बदलण्याइतका पैसा नसेल, तर घरातील वडीलधारी माणसे किंवा लहान मूल झोपते त्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीपासून सुरुवात करा.

खिडकी बदलताच असाल तर

स्लायडिंगची दोन पल्ल्यांची खिडकी एका वेळी अर्धीच उघडते. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते आणि रात्री वारा दुप्पट वाटेने आत येतो. अॅल्युमिनियमची चौकट लवकर तापते, लाकडाची वा यूपीव्हीसीची कमी. गडद रंगाची काच घेऊन काम भागेल असे समजू नका. ती ऊन शोषून स्वतःच तापते आणि आत झळ मारते. दुहेरी काच वातानुकूलित खोलीत उपयोगी, पण तीही साधी असेल तर बरेचसे ऊन आत सोडतेच. ऊन रोखणारी खास काच मिळते. ती घ्यायची तर दुकानदाराला ‘एसएचजीसी’चा आकडा विचारा. तो ०.३० च्या आसपास किंवा त्याहून कमी असावा. मात्र ती महाग पडते. त्याआधी शे-पाचशेची चिक लावून पाहा.

डासांची जाळी विसरू नका. डेंग्यूचा डास दिवसा चावतो. चोराच्या भीतीने रात्री खिडक्या बंद ठेवण्यापेक्षा मजबूत गज बसवून घ्या.

उघडायची केव्हा, मिटायची केव्हा?

भिंतीवर एक साधा तापमापक आत आणि एक बाहेर सावलीत टांगा. बाहेरची हवा आतल्यापेक्षा गरम झाली की खिडक्या, झडपा मिटा. बाहेर गार झाले की समोरासमोरच्या खिडक्या सताड उघडा. कुलर चालू असताना मात्र दुसऱ्या बाजूची एक खिडकी थोडी उघडी हवी. दमट हवा बाहेर गेली नाही तर घाम वाळत नाही आणि कुलर असूनही जीव घुसमटतो. वरच्या मजल्यावर राहत असाल, तर खिडकीबरोबर गच्चीलाही पांढरा चुना द्या.

एवढे करूनही घरात कोणी बरळू लागले, झोकांड्या देऊ लागले आणि अंग तापलेले असेल, तर तापाची गोळी देत बसू नका. या तापावर ती चालत नाही. अंग ओले करा, वारा घाला, शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका आणि १०८ क्रमांकाला फोन करा. लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आपल्या मनाने बंद न करता आताच, चैत्र तापण्याआधी, डॉक्टरांना भेटा.

परवा गुरुजींच्या घरावरून गेलो. काचा तशाच आहेत, पण मुलाने बाहेरून चिक सोडली आहे. माळ्यावर टाकलेल्या जुन्या झडपा सुताराकडे दिल्याचे त्याने सांगितले. गुरुजी आतून म्हणाले, ‘डॉक्टर, खोली जरा अंधारी झाली, पण आता दुपारी डोळा लागतो.’