लुआचेकला आपल्या लायब्ररीची ओळख कशी करून द्यायची?



लुआमध्ये छोटे गेम किंवा स्क्रिप्ट बनवून विकायचं ठरवलंय ना? मग आजचा धडा लक्ष देऊन वाचा. व्हिडिओत स्क्रीनवर केलं, तेच इथे टप्प्याटप्प्याने लिहून देतोय.

आधी माझी चूक सांगतो. एका क्लाससाठी मी प्रश्नमंजुषेचा गेम केला होता. त्यात ‘क्विझ’ नावाची माझी स्वतःची ग्लोबल लायब्ररी होती. लुआचेक चालवलं की प्रत्येक ‘क्विझ’पुढे ११३ नंबरची सूचना यायची: हे नाव मला माहीत नाही. कंटाळून मी ग्लोबलची तपासणीच बंद केली. स्क्रीन एकदम स्वच्छ! पण एका ओळीत ‘बोनस’चं ‘बोनास’ झालं होतं. बक्षिसाच्या दिवशी मुलांना बोनस गुण मिळालेच नाहीत आणि माझं उरलेलं पेमेंट अडकलं.

गेम बंद का पडला नाही? कारण लुआमध्ये अनोळखी नाव वाचलं की एरर येत नाही, गुपचूप ‘निल’ मिळतं. ‘जर’च्या अटीत ‘निल’ म्हणजे ‘नाही’. म्हणजे जी सूचना मी बंद केली, तीच मला वाचवणार होती.

दुकानाच्या वॉचमनला आपण काय देतो? कामगारांच्या नावांची यादी. रोज विचारतो म्हणून त्याला घरी पाठवत नाही! इथेही तेच करायचं.

१. प्रोजेक्टच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘लुआचेकआरसी’ नावाची फाइल बनवा. नावाच्या सुरुवातीला टिंब हवं, शेवटी ‘टीएक्सटी’ वगैरे काही नको.

२. ‘एसटीडी’मध्ये तुमचा पाया सांगा. ‘लव्ह’ फ्रेमवर्क वापरत असाल तर ‘लुआजिट’ आणि ‘लव्ह’ ही दोन नावं अधिक चिन्हाने जोडून, एकाच अवतरणात लिहा. ‘लव्ह’ची फंक्शन्स लुआचेकला आधीच पाठ आहेत.

३. आपली लायब्ररी ‘रीड ग्लोबल्स’च्या यादीत टाका. मधे अंडरस्कोर, नाव अवतरणात, यादी महिरपी कंसात. याचा अर्थ: वापरा, पण बदलू नका. चुकून कुणी ‘क्विझ’वर दुसरं काही लिहिलं तर सूचना येईल.

४. लायब्ररी जिथे तयार होते त्या फाइलला मात्र लिहायची परवानगी लागते. ती ‘फाइल्स’ या भागात, फक्त त्या एका फाइलपुरती ‘ग्लोबल्स’ लिहून द्या. तिजोरीची किल्ली सगळ्यांना द्यायची नसते.

नाव लिहिताना लहान-मोठी अक्षरं कोडमध्ये आहेत तशीच ठेवा. लुआला तो फरक कळतो.

आता पुन्हा लुआचेक चालवा. ‘क्विझ’च्या सूचना गेल्या आणि ‘बोनास’ची राहिली, तर सेटिंग बरोबर जमलं.

एक सवय लावून घ्या. यादीत नाव टाकण्याआधी विचारा, ‘हे नाव खरंच माझ्या लायब्ररीचं आहे, की टायपिंगची चूक?’ दिसेल ते नाव यादीत कोंबलंत, तर तपासणी बंद केल्यासारखंच आहे.

आजचा गृहपाठ: मुद्दाम एक नाव चुकवा आणि लुआचेक पकडतंय का बघा. चूक ग्राहकाला सापडण्याआधी आपल्याला सापडली, तर ती फुकटात दुरुस्त होते!