टाकीतला समुद्र आणि चुन्याची निवळी

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्री जर्नलमधले दोन प्रयोग आठवताहेत का? एक पाण्याची अल्कलिनिटी, दुसरा ईडीटीएने हार्डनेस. व्हायवापुरतं पाठ करायचं, सबमिशन झालं की जर्नल रद्दीत, अशी आपल्याकडची रीत. तर मित्रांनो, ह्याच दोन आकड्यांवर आमच्या टोकावड्याच्या घरी एक छोटा समुद्र जगतो आहे.

समुद्र म्हणजे काकांची खाऱ्या पाण्याची टाकी. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं साधारण १५० लिटर. माळशेजच्या वाटेवरच्या गावात समुद्र कशाला, हे सगळ्यांचं विचारून झालंय. आत दोन क्लाउनफिश, काही शंखवाल्या गोगलगाई, थोडी मऊ कोरल आणि दगडांवर गुलाबी थर धरणारं चुनखडी शेवाळ. खडक बांधणारी कठीण कोरल मुद्दाम ठेवलेली नाहीत. २००१ पासून ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे वाघाच्याच रांगेत. २०२० मध्ये मुंबईच्या कोस्टल रोडसाठी वरळी आणि हाजीअलीच्या खडकांवरची कोरल उचलून दुसरीकडे हलवावी लागली, तीही परवानग्या काढून. तेव्हा मालवणच्या ट्रिपमध्ये एखादा तुकडा बॅगेत टाकायचा विचार कुणी करू नका.

पण कठीण कोरल नसली तरी चुन्याचा खर्च होतोच. शेवाळ आणि गोगलगाई दोघंही पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बनवतात. समुद्रात ह्याचा साठा संपत नाही, कारण पुरवठा वरून चालू असतो. आपल्या डोंगरातला पाऊस मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि काळ्या बेसॉल्टला हळूहळू विरघळवतो. त्यातलं कॅल्शियम आणि बायकार्बोनेट काळू नदीतून उल्हासला आणि पुढे खाडीतून समुद्राला मिळतं. कोरलच्या बांधकामाचा माल आपण पाठवतो, तोही बिल न लावता! १५० लिटरच्या टाकीला मात्र नदी नाही. ते काम माणसाला करावं लागतं.

आता मुख्य मुद्दा. अल्कलिनिटी म्हणजे पीएच नव्हे. पाण्यात आम्ल पचवायची ताकद किती, ते अल्कलिनिटी सांगते. समुद्रात ती कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात लिटरला साधारण १२० मिलिग्रॅम असते. टाकीत आम्ही ती १२५ ते १५० ठेवतो, कॅल्शियम ४२० च्या आसपास. (बाजारातल्या किटवर डीकेएच लिहिलेलं असतं. एक डीकेएच म्हणजे १७.९ मिलिग्रॅम, गुणून टाका.) दोन्ही एकदमच खर्च होतात, पण सारखे दिसत नाहीत. अल्कलिनिटी ५० ने उतरली तर कॅल्शियम फक्त २० ने उतरतं. म्हणजे १२५ ची अल्कलिनिटी ७५ झाली, ४० टक्के संपली, आणि कॅल्शियम अजून ४०० दाखवतंय! साध्या किटला तर ४२० आणि ४०० मधला फरक धड कळतही नाही. म्हणून नुसतं कॅल्शियम मोजून निश्चिंत बसणारा माणूस फसतो. अल्कलिनिटी दर दोन दिवसांनी मोजावी, कॅल्शियम आठवड्यातून एकदा पुरे.

भरपाईचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे चुन्याची निवळी. मी कॉन्व्हेंटवाली, मला लाइमवॉटर माहीत होतं, फुंकर मारली की दुधाळ होणारं. निवळी हा शब्द काकीचा, आणि मला तोच जास्त आवडतो, कारण कृती त्यातच आहे: चुना पाण्यात ढवळायचा, गाळ बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी तेवढं घ्यायचं. तिच्यात कॅल्शियम आणि अल्कलिनिटी खर्चाच्याच प्रमाणात असतात, त्यामुळे तोल बिघडत नाही. पानाचा चुना मात्र नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. लॅबच्या दर्जाचं कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि आरओचं पाणी घ्यावं. बोअरचं पाणी आधीच बेसॉल्टमधून मुरून आलेलं, त्याचे आकडे वेगळेच. भांडं झाकून ठेवावं, नाहीतर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे वर साय धरते आणि ताकद जाते.

हिशोब असा. एक लिटर निवळीत साधारण २००० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी ताकद. १५० लिटरला भागलं की १३ ची वाढ. आमच्या टाकीचा रोजचा खर्च नऊ-दहाचा, म्हणजे पाऊण लिटर निवळी. उन्हाळ्यात रोज दोन लिटर पाणी उडून जातं, त्याच्या जागी पाऊण लिटर निवळी आणि बाकी साधं आरओ. निवळीचा पीएच १२ च्या वर, तेव्हा एकदम ओतली तर मासे गेलेच. काकांनी मेडिकलमधून सलाइनचा सेट आणलाय. रात्री, टाकीचा पीएच उतरतो तेव्हा, पंपाच्या धारेत थेंब थेंब सोडतात.

ह्या जुगाडात एक खोच आहे. सलाइनला वीज लागत नाही, पंपाला लागते! गेल्या जुलैत वादळात रात्री लाइट गेली. पंप बंद, ठिबक चालूच. पाणी फिरत नसेल तर निवळी एका कोपऱ्यात साचते आणि तिथला जीव जळतो. काकीने अंधारात आधी सेटची चकती दाबली, मेणबत्ती नंतर शोधली. मासे वाचले. आता काका रिले बसवणार आहेत, पण डिझाइन माझ्या गळ्यात पडलंय, म्हणून सध्या तरी चकतीच.

आकडा खाली गेलेला दिसला तर घाईने वर आणू नये. दिवसाला २० पेक्षा जास्त वाढ नको. आमच्या टाकीत २० वाढवायला पाच ग्रॅम खायचा सोडा लागतो. (बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात आम्लही असतं.) जास्त झालं की पाण्यात बर्फ पडल्यासारखी पांढरी भुकटी दिसते. लाइम-सोडा प्रोसेसमध्ये आपण जे मुद्दाम घडवतो, तेच इथे नको असताना घडतं.

लॅबमध्ये मोजायचं असेल तर ५० मिली नमुन्याला ०.०२ नॉर्मल सल्फ्युरिक, मिथाइल ऑरेंज. एक मिलीला २० धरा. कॅल्शियमसाठी नमुना दहापट पातळ करून, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच १२ च्या वर नेऊन मगच ईडीटीए. नाहीतर समुद्राच्या पाण्यातलं १३०० मॅग्नेशियमही मोजलं जातं. आणि उत्तर १०५० आलं तर घाबरू नका, ते कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात आहे. अडीचने भागा, ४२० येईल.

पावसाळ्यात वेगळी पंचाईत. हवा इतकी ओली की दिवसाला अर्धा लिटरही पाणी उडत नाही, म्हणून निवळीला जागाच नाही, खर्च मात्र तोच. तेव्हा दोन बाटल्या: एकीत खायचा सोडा, दुसरीत कॅल्शियम क्लोराइड. एक सकाळी, एक संध्याकाळी, आणि दोन्हींचा चमचा वेगळा.