जमीन विकावी की भागीदार व्हावं?

प्रश्न : आमच्या मुळशी तालुक्यात जमिनीचे एजंट रोज दारात उभे असतात. शहर वाढलं की गाव संपतं, हेच आम्ही पाहत आलो. दोघांचंही भलं झालं, असं कुठे घडलंय का? – एक वाचक

उत्तर : घडलंय, आणि तेही पुण्यातच, हडपसरला. मगरपट्ट्यातल्या सुमारे १२० शेतकरी कुटुंबांच्या चारशेहून अधिक एकरांपर्यंत शहर येऊन ठेपलं होतं. सुटे सुटे तुकडे विकले असते, तर पैसा एकदाच हाती आला असता. तो बंगला, गाडी आणि लग्नकार्यात कसा विरतो, हे तुम्हाला मी काय सांगू! सतीश मगर या शेतकी पदवीधराच्या पुढाकारानं सगळ्यांनी जमीन एकत्र केली, स्वतःचीच कंपनी काढली आणि ज्याची जितकी जमीन तितका त्याचा हिस्सा ठरवला. २०००च्या सुमारास बांधकाम सुरू झालं. घरं विकली, त्यात वाटा मिळाला. आयटी कंपन्यांना जागा भाड्यानं दिल्या, म्हणजे नांगर सुटला तरी उत्पन्न चालू राहिलं. घरातली तरुण मुलं वाहतुकीची, बांधकाम साहित्याची, बागकामाची कंत्राटं घेऊ लागली. शहरालाही आखीव रस्ते, मोठी बाग आणि चालत जाता येईल अशी कचेरी मिळाली. पुढे सिंहगड रस्त्यावर नांदेड सिटीही याच वाटेनं उभी राहिली.

आता नवी मुंबई पाहा. तिथे जमीन सरकारनं घेतली. १९८४ साली जासईच्या परिसरात दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच शेतकरी गेले, तेव्हा कुठे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व मान्य झालं. ते भूखंडही अनेकांनी हातात पडण्याआधीच बिल्डरला विकून टाकले.

मगरपट्ट्यातही सगळं गोड नाही. हिस्सा सातबाऱ्यावर ठरला. ज्यांच्या नावावर सातबाराच नव्हता त्या शेतमजुरांना भागीदारी कुठली? तुमच्या गावानं हा मार्ग धरला, तर मजुरांचं काय, हे सुरुवातीलाच ठरवा.

आणि भाऊबंदकीचे दावे कोर्टात असतील, तर ते आधी मिटवा. मधल्या एका गटाचा वाद आजूबाजूच्या सगळ्यांचा आराखडा अडवू शकतो.