फेस्ताचा कोंबडा आणि टोपलीतली रंगीत अंडी



सकाळी खुराड्याचे दार उघडले की तांबडी, काळी, कबरी, बोडक्या मानेची अशी सगळी प्रजा एकदम अंगणात उतरते. टोपलीत पाहावे तर एक अंडे पांढरे, एक दुधी, एक चांगले तपकिरी. ही रंगीबेरंगी पैदास आपोआप होते अशी आपली समजूत असते. होते खरी, पण तशीच सोडली तर दरवर्षी थोडी खालावतही जाते.

आधी अंड्याच्या रंगाचे पाहू. कोंबडीच्या पोटात कवच तयार व्हायला सुमारे 20 तास लागतात. कवच मुळात पांढरे असते. तपकिरी रंग अगदी शेवटी वरून चढतो. तपकिरी अंडे फोडून कवच आतून पाहा, ते फिकेच दिसेल. निळी अंडी घालणारी आरौकाना जात दक्षिण अमेरिकेतील चिली देशातली. तिचा निळा रंग कवचात आरपार असतो, आणि त्यावर तपकिरी चढला की अंडे हिरवट दिसते. आपल्याकडे लेगहॉर्नची अंडी पांढरी, ऱ्होड आयलंड रेडची तपकिरी, आणि गावठीची बहुधा या दोहोंमधली. झाबुआकडच्या कडकनाथचे मांस काळे असते म्हणून अंडेही काळे असेल असे पुष्कळांना वाटते. ते दुधी किंवा फिकट तपकिरीच असते. कवचाच्या रंगाने पौष्टिकपणात फरक पडत नाही. बलक पिवळाजर्द होतो तो मका आणि हिरवा पाला खाल्ल्याने.

आता खरी गोष्ट कोंबड्याची. कोंबडा अंडी घालत नाही म्हणून त्याच्याकडे आपले लक्ष नसते. पण त्याच्या लेकींच्या अंड्यांचा रंग आणि संख्या निम्मी त्याच्याकडून येते. ती त्याच्या तुऱ्यावरून ओळखता येत नाही, त्याच्या आईची अंडी पाहावी लागतात. आणि आपल्या घरांत घडते काय? गावचे फेस्त जवळ आले, पाहुणे येणार म्हटले की सर्वांत उमदा, वजनदार कोंबडा पातेल्यात जातो. मागे उरतो तो किरकोळ, आणि पुढच्या साली तोच सगळ्या पिल्लांचा बाप होतो. अशी पाच-सात फेस्ते गेली की घरची बाई म्हणते, 'पूर्वीसारख्या कोंबड्या राहिल्या नाहीत.' फेस्त जरूर करावे. पण जी कोंबडी पुष्कळ आणि गडद अंडी घालते, तिच्या पिल्लांपैकी दोन नरांच्या पायाला लहानपणीच सुतळीचा सैल दोरा बांधावा. पाय जाड होईल तसा तो बदलावा, नाहीतर रुततो. दोरा असलेल्याला सुरी लावायची नाही, हे घरातल्या सर्वांना सांगून ठेवावे.

दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. दीड-दोन वर्षांनी तो बदलावा, नाहीतर बाप-लेकींचाच जोड लागत राहतो व पिल्ले मरतुकडी निघतात. कोंबडा बदलला तरी जुन्याचे बीज कोंबडीच्या अंगात दोन-तीन आठवडे टिकते. तेव्हा नव्या कोंबड्याची पिल्ले हवी असतील तर तीन आठवडे अंडी खुशाल खावीत, मगच रवणाला ठेवावीत.

पिसांच्या बाबतीत एक सूचना. उलट्या पिसांची कोंबडी दिसायला मजेची, आणि बोडक्या मानेची उन्हाळा चांगला सोसते. पण उलट्या पिसांच्या नराला उलट्या पिसांचीच मादी देऊ नये. त्यांच्या पिल्लांपैकी साधारण चौथ्या हिश्शाची पिसे ठिसूळ निघतात व गळून अंग उघडे पडते. जोडीला साध्या पिसांचे जनावर असावे. पांढराशुभ्र रंग मात्र मोकळ्या अंगणात फार वाढवू नये. घारीला तो लांबून दिसतो.

रंगांच्या नादात खुडूक बसणारी गावठी कोंबडी घालवू नका. लेगहॉर्नसारख्या जाती रवणावर बसायचे जवळजवळ विसरल्या आहेत. दोन-तीन गावठी आया घरात हव्यातच. एकीखाली दहा-बारा अंडी, तीही आठवड्याच्या आतली, ठेवावीत. 21 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात.

आता आमची चूक सांगतो. एका पावसाळ्यात आठवड्याच्या बाजारात सोनेरी मानेचा देखणा कोंबडा दिसला. आम्ही तो आणला आणि त्याच संध्याकाळी खुराड्यात सोडला. थोड्याच दिवसांत हिरवी हगवण लागली, माना वाकड्या झाल्या, आणि बारा वर्षे जपलेल्या पैदाशीतून तीन कोंबड्या उरल्या. मानमोडी होती ती. 1927 साली कुमाऊंतल्या राणीखेतला आढळली म्हणून राणीखेतही म्हणतात. तिच्यावर औषध नाही, लसच आहे. पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लसीचे थेंब आणि आठव्या आठवड्याला टोचणी, हे जनावरांच्या दवाखान्यात विचारून वेळेवर करून घ्यावे. लस बर्फात घालून आणावी. उन्हातून खिशात आणलेली लस पाण्यासारखी. शेजारच्या चार घरांनी मिळून एकाच दिवशी लस टोचून घेतली तर एक बाटली वाया न जाता सगळ्यांना पुरते.

बाहेरून आणलेला पक्षी, मग तो कितीही देखणा असो, निदान तीन आठवडे वेगळ्या डालग्याखाली, घराच्या दुसऱ्या बाजूला ठेवावा. त्याचे दाणापाणी आपल्या कोंबड्यांचे आटोपल्यावर करावे, आणि नंतर हातपाय धुवावेत.