फॅरामिर : कादंबरीतला आणि पडद्यावरचा



कादंबरीवरून चित्रपट निघाला की 'मूळ पुस्तकच सरस' हा अभिप्राय आपल्या कानांवर हमखास पडतो. अभ्यासकाला त्याचा फारसा उपयोग नसतो. काय बदलले, ते का बदलावे लागले आणि त्या बदलाने कृतीचा अर्थ कोठे सरकला, हे विचारल्याखेरीज माध्यमांतराची चर्चा आवडीनिवडीच्या पलीकडे जात नाही. प्रस्तुत घटकात आपण हे प्रश्न एकाच पात्राच्या संदर्भात विचारणार आहोत. जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कादंबरीतील फॅरामिर आणि पीटर जॅक्सन दिग्दर्शित 'द टू टॉवर्स' (२००२) या चित्रपटात डेव्हिड वेनहॅम यांनी साकारलेला फॅरामिर यांची तुलना येथे केली आहे.

त्यासाठी अद्भुत कादंबरीच का निवडली, असे आपण विचाराल. व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'चा (१९५५) चित्रपट अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये केला. तेथील माळ, मेंढरे, दुष्काळ यांना कादंबरीबाहेरही अस्तित्व आहे, आणि प्रेक्षक ते पडताळून पाहू शकतो. अद्भुत कादंबरीत जगाचे नियमच लेखकाने घडवलेले असतात. माणूस मोहाला कितपत बळी पडतो, हाही त्या जगाचा एक नियमच असतो. त्यामुळे अशा कादंबरीतील एका पात्राचा स्वभाव बदलला की त्या जगाचा कायदाही थोडाफार बदलतो. फॅरामिरच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

प्रसंगाची पार्श्वभूमी

सॉरॉन या दुष्ट सत्ताधीशाने घडवलेली एक अंगठी फ्रोडोच्या हाती आली आहे. ती धारण करणाऱ्याला सामर्थ्य देते आणि त्याच सामर्थ्याने त्याला आतून पोखरते. ती नष्ट करण्यासाठी फ्रोडो आपला सेवक व सोबती सॅम याच्यासह शत्रूच्या मुलखाकडे निघाला आहे. वाटेत बोरोमिर नावाच्या शूर योद्ध्याने ती बळाने हिसकावण्याचा प्रयत्न केला आणि त्यानंतर लवकरच तो लढताना मारला गेला. इथिलियनच्या रानात फ्रोडो आणि सॅम ज्याच्या हाती सापडतात, तो फॅरामिर याच बोरोमिरचा धाकटा भाऊ. गॉन्डोर या राज्याचा कारभारी डेनेथॉर हा दोघांचा पिता.

कादंबरीतील नकार

कादंबरीच्या चौथ्या भागातील पाचवे प्रकरण आपण सावकाश वाचावे. फॅरामिर आधी आपल्या सैनिकांसमोर फ्रोडोची उलटतपासणी घेतो. पण फ्रोडोला सर्वांदेखत बोलायचे नाही, हे ओळखून तो विषय आवरता घेतो. पुढे चालता चालता तो स्वतःहून सांगतो की, बोरोमिरला हवी असलेली ती वस्तू काहीही असो, ती आपल्याला रस्त्यात पडलेली सापडली तरी आपण उचलणार नाही. ती वस्तू नेमकी कोणती, हे तोवर त्याला ठाऊक नाही. या एका तपशिलावर सारा प्रसंग उभा आहे.

रात्री धबधब्याआडच्या गुहेत भोजन होते. मद्याने आणि आदरातिथ्याने सैलावलेला सॅम बोलण्याच्या ओघात अंगठीचे नाव घेऊन बसतो. फॅरामिर उठून उभा राहतो. आपला कस दाखवण्याची संधी आता आपल्याकडे आली आहे, अशा अर्थाचे उद्गार तो काढतो. फ्रोडो आणि सॅम भिंतीला पाठ लावून तलवारीच्या मुठी चाचपू लागतात. आणि मग फॅरामिर पुन्हा खाली बसतो, हलकेच हसतो. आधी बोललेले शब्द तो आपल्यावर बंधनकारक मानतो.

टोल्किनचा फॅरामिर मोहाला अपरिचित आहे, असे काही समीक्षक म्हणतात. ते मला मान्य नाही. मोह तेथे आहे, पण तो उभे राहणे आणि पुन्हा बसणे या दोन हालचालींच्या मध्ये आहे. घाईने वाचणाऱ्याच्या तो नजरेतून निसटतो, इतकेच.

हे बळ त्याच्याकडे येते कोठून? फॅरामिर गॅन्डाल्फकडून जुन्या विद्या शिकलेला आहे. भोजनापूर्वी तो आणि त्याचे सैनिक पश्चिमेकडे तोंड करून क्षणभर स्तब्ध उभे राहतात. समुद्रात बुडालेल्या पूर्वजांच्या भूमीचे ते स्मरण असते. सत्तेच्या हव्यासापायी ती भूमी कशी बुडाली, हे त्याला ठाऊक आहे. शत्रूचे शस्त्र वापरून मिळवलेला विजय आपला उरत नाही, हे तो इतिहासातून शिकला आहे. युद्ध त्याला आवडत नाही, तरी तो ते उत्तम करतो. १९१६ साली सोमच्या लढाईत उतरलेल्या लेखकाने हे पात्र लिहिले आहे, हे येथे आठवावे. १९४४ मध्ये, दुसरे महायुद्ध चालू असताना, टोल्किन यांनी आपला मुलगा ख्रिस्तोफर याला पत्रातून कळवले होते की हे पात्र आपण योजलेले नव्हते, ते इथिलियनच्या रानातून आपणहून चालत आले.

पडद्यावरील बदल

चित्रपटात अंगठीचा सुगावा लागताच फॅरामिर तलवारीच्या टोकाने फ्रोडोच्या गळ्यातील साखळी उचलून पाहतो. कस दाखवण्याचे ते उद्गार येथेही येतात, पण आता त्यांत लोभ आहे. तो दोघांना बंदी करून ऑस्गिलिअथ या पडक्या शहरात नेतो. कादंबरीत फ्रोडो तेथे कधीच जात नाही. तेथे शत्रूचा उडता दूत येतो, फ्रोडो भान हरपून त्याच्यासमोर उभा राहतो, सॅम त्याला वाचवतो. हे पाहिल्यावर फॅरामिर त्यांना मुक्त करतो. गॉन्डोरच्या कायद्याने आपला जीव धोक्यात येईल, हे ठाऊक असूनही तो तसे करतो.

सॅमच्या बोलण्याचे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. कादंबरीत ती जिभेची चूक आहे. चित्रपटात बोरोमिर कशामुळे बिघडला, हे सॅम ऑस्गिलिअथमध्ये जाणीवपूर्वक, युक्तिवाद म्हणून सांगतो. माहिती जवळपास तीच आहे, पण तिचे कथनातील कार्य पालटले आहे. पहिल्या ठिकाणी ती फॅरामिरची परीक्षा घेते, दुसऱ्या ठिकाणी त्याचे मन वळवते.

बदलामागील कारणे

पटकथाकारांनी याचे स्पष्टीकरण दिले आहे. ज्या अंगठीचा मोह कोणालाही आवरत नाही असे आपण प्रेक्षकांच्या मनावर ठसवले, ती एखाद्याने सहज नाकारली तर तिचा दरारा संपतो, असे त्यांचे म्हणणे. हा युक्तिवाद वरवर पटतो. पण याच मालिकेतील २००१ च्या पहिल्या चित्रपटात फ्रोडो अंगठी पुढे करतो आणि ॲरागॉर्न त्याची मूठ मिटवून ती नाकारतो. त्याने अंगठीचा दरारा कमी झाला नाही. उलट प्रेक्षकाला ॲरागॉर्न समजला.

रचनेचे कारण मला अधिक वजनदार वाटते. टोल्किन यांनी रोहानमधील युद्धाची कथा आणि फ्रोडोचा प्रवास दोन वेगळ्या भागांत सलग सांगितले आहेत. चित्रपटात हे दोन धागे आलटून पालटून येतात. फ्रोडोच्या धाग्याचा कादंबरीतील कळस म्हणजे शेलॉब या महाकाय कोळिणीचा प्रसंग. तो तिसऱ्या चित्रपटात ढकलल्यावर, एकीकडे किल्ल्यावर प्रचंड लढाई चालू असताना दुसरीकडे गुहेतले शांत संभाषण तोलामोलाचे ठरले नसते. सुमारे तीन तासांच्या चित्रपटाला तेथे संकट हवे होते, आणि ते फॅरामिरच्या स्वभावातून काढले गेले.

कमावले काय, गमावले काय

२००३ मध्ये आलेल्या विस्तारित आवृत्तीत एक पूर्वप्रसंग आहे. डेनेथॉर थोरल्या मुलाचे कौतुक करतो आणि धाकट्याला झिडकारतो. अंगठी वडिलांपुढे ठेवून त्यांची माया मिळवावी, अशी फॅरामिरची धडपड त्यातून उलगडते. त्यामुळे तिसऱ्या चित्रपटात पित्याच्या शब्दाखातर तो मरणाच्या स्वारीवर निघतो तो प्रसंग विलक्षण परिणामकारक होतो. ही कमाई खरीच आहे. त्याच आवृत्तीत मृत शत्रुसैनिकाकडे पाहून 'हा कोण, कोठून आला' असा विचार फॅरामिर बोलून दाखवतो. कादंबरीत हा विचार सॅमच्या मनात येतो. कादंबरीचा आशय पटकथेत केवळ गळतो असे नाही, तो दुसऱ्या पात्राच्या तोंडीही जातो, याचे हे चांगले उदाहरण.

मात्र किंमतही मोजावी लागली. कादंबरीतील फॅरामिरला घडवले ते स्मृतीने आणि दिलेल्या शब्दाने. चित्रपटातील फॅरामिरला घडवते ती पित्याच्या प्रेमाची भूक. कादंबरीतील माणूस प्रसंग येण्यापूर्वीच तयार झालेला आहे आणि प्रसंग त्याला केवळ उघड करतो. चित्रपटातील माणूस प्रसंगातून घडतो. आजच्या पटकथालेखनाला दुसरा प्रकार प्रिय आहे, कारण पात्रात बदल दिसला पाहिजे, असा तेथे दंडक आहे. पण विद्येने आणि इतिहासाच्या जाणिवेने एखादा माणूस सत्तेला आधीच नाही म्हणू शकतो, ही शक्यता टोल्किनच्या जगात आहे आणि ती बोरोमिरच्या सख्ख्या भावात आहे. या प्रसंगापुरती तरी चित्रपटाने ती शक्यता बाद केली. एखादे दृश्य गाळण्यापेक्षा हा बदल मोठा आहे.

सरावासाठी

कादंबरीतील पाचवे प्रकरण आणि चित्रपटातील गुहेचा प्रसंग एकाच दिवशी पाठोपाठ अभ्यासा. फॅरामिर 'उभा राहतो' आणि 'पुन्हा बसतो' या दोन क्रियांना चित्रपटात कोणते दृश्यपर्याय सापडले असते, याचा सुमारे दोनशे शब्दांत विचार मांडा. त्यानंतर आपल्या अभ्यासक्रमातील एखाद्या मराठी कादंबरीतील असे पात्र निवडा की, ज्याचा निर्णय प्रसंगापूर्वीच झालेला आहे. त्याचे पटकथेत रूपांतर करताना आपण काय बदलाल आणि कोणत्या गोष्टीला हात लावणार नाही, ते कारणांसह लिहा.