वळवापूर्वी मळी व कारखानी गाळाचा वापर : घ्यावयाची दक्षता

कोल्हापूर जिल्ह्यात गाळप हंगाम आटोपून खोडव्याची मशागत सुरू होते, त्या सुमारास प्रेसमड, म्हणजे उसाचा रस निवळताना वेगळी होणारी मळी, शेतात मोठ्या प्रमाणावर पसरली जाते. गाळलेल्या उसाच्या सुमारे 3 ते 4 टक्के निघणारी ही मळी नीट कुजवली तर सेंद्रिय द्रव्य व स्फुरद पुरवते; मात्र आसवनीतील स्पेंट वॉश आणि कापड प्रक्रिया उद्योगांचा गाळ यांची गणना खतात करणे धोक्याचे आहे.

स्पेंट वॉश हे मोलॅसिसपासून मद्यार्क काढल्यावर उरणारे तपकिरी, आम्लधर्मी सांडपाणी होय. सेंद्रिय द्रव्य कुजवताना जिवाणू जो प्राणवायू वापरतात, त्याचे माप म्हणजे जैविक प्राणवायू मागणी. जमिनीवर सोडावयाच्या सांडपाण्यासाठी ती लिटरला 100 मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित असताना, प्रक्रिया न केलेल्या स्पेंट वॉशमध्ये ती सुमारे 40,000 किंवा त्याहून अधिक आढळते. वळवाच्या सरींनी असे द्रव्य ओढ्यांतून पंचगंगेत उतरते आणि उन्हाळ्यात प्रवाह मंदावलेला असल्याने डोहातील प्राणवायू वेगाने घटून मासे गुदमरतात.

इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योग केंद्रांतील सांडपाण्याच्या गाळात रंगद्रव्यांसोबत जड धातू असू शकतात आणि ते कुजून नाहीसे होत नाहीत. कॅडमियमसारखे धातू गांडुळांच्या शरीरात साठतात, तर नांगरामागे गांडुळे टिपणाऱ्या पक्ष्यांच्या यकृत व मूत्रपिंडांत ते पुढे साचत जातात; परिणामी पक्षी तत्काळ मेला नाही, तरी त्याच्या आरोग्याची व प्रजननाची हानी होऊ शकते.

म्हणून मळी ढीग करून, ओलावा राखून व वेळोवेळी पालटून पूर्ण कुजवावी आणि पाऊस जवळ आला असता ओढ्याकाठच्या किंवा उताराच्या रानात पसरू नये. पसरल्यास लगेच मातीत मिसळून बांध पक्के ठेवावेत. टँकरने फुकट मिळणारे काळपट पाणी किंवा उगम न सांगता दिला जाणारा गाळ नाकारावा, आणि कोणताही कारखानी गाळ धातूंच्या तपासणीचा अहवाल पाहिल्याखेरीज घेऊ नये. ओढ्यात मासे तरंगू लागल्यास ते खाऊ नयेत व जनावरांनाही ते पाणी पाजू नये. ठिकाण व वेळ नोंदवून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कोल्हापूर कार्यालयास तत्काळ कळवावे, कारण प्रवाह पुढे सरकला की पाण्याच्या नमुन्यातून कारण शोधणे अवघड होते.